हुकमातली रिकामी जागा

"आम्ही काय, हुकमाचे ताबेदार!" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय, की त्यात एक गृहीतक दडलंय हे लक्षातच येत नाही. हुकूम वरून पूर्ण तयार होऊन येतो, सीलबंद पाकिटासारखा, आणि खालच्या माणसाने तो फक्त पोचवायचा, असं ते गृहीतक. सैन्यातल्या आज्ञापालनावर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू बहुतेक वेळा हेच धरून चालतात. एका बाजूचं म्हणणं, सैनिकाने विचार करायचाच नाही. दुसरीचं म्हणणं, प्रत्येक हुकूम तोलून मगच पाळावा. पण हुकूम प्रत्यक्षात दिला कसा जातो आणि पाळला कसा जातो हे बघितलं, तर दोन्ही म्हणणी टिकत नाहीत.

सेक्शन कमांडर, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीचा प्रमुख, गोळीबाराचा हुकूम देतो तो घेऊ. त्याचे चार भाग असतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच बोलायचे असतात. कोणी गोळी चालवायची, किती अंतरावर, कशावर, आणि कशा पद्धतीने. म्हणजे: "रायफल ग्रुप. तीनशे. समोर एकटं झाड, त्याच्या उजवीकडे पडकी भिंत, भिंतीच्या डाव्या टोकाला दुश्मन. एकेक राउंड. फायर." पहिला, दुसरा आणि चौथा भाग पाळायला कान पुरेसे असतात. तिसरा भाग तसा नाही. कमांडर फक्त खूण सांगतो. झाड, भिंत आणि भिंतीचं टोक जवानाला स्वतःच्या डोळ्यांनी शोधावं लागतं. सापडलं नाही तर त्याने "दिसलं नाही" असं सांगायचं असतं, मग कमांडर खूण पुन्हा सांगतो. न दिसलेल्या गोष्टीवर गोळी चालवायची नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच शिकवलं जातं.

आता समजा, भिंतीच्या टोकाला दुश्मनाऐवजी डोक्यावर हात ठेवलेला एक माणूस दिसला. किंवा कडेवर मूल घेतलेली बाई. हुकमात "दुश्मन" असा शब्द होता. समोर जे आहे ते त्या शब्दात बसत नाही. कमांडर दहा मीटर मागे, खड्ड्यात आहे. त्याला ते दिसत नाही. हुकमातली ही जागा रिकामी आली होती, ती जवानाने भरायची होती, आणि ती भरण्याची ताकद त्या क्षणी फक्त त्याच्याच डोळ्यांत आहे. आज्ञापालन आणि नैतिक जबाबदारी यांची गाठ पडते ती इथे. माझं सगळं म्हणणं या एका जागेबद्दल आहे.

आधी आज्ञापालनाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती खरी आहे. चढाईत एक सेक्शन पुढे सरकतं तेव्हा दुसरं सेक्शन शत्रूचं डोकं वर येऊ देत नाही. "आता उठा" म्हटल्यावर दहातले चार जण विचार करत राहिले, तर बाकीचे सहा उघड्यावर मरतात. तिथे हुकूम का दिला हे विचारायला वेळही नसतो आणि सगळं चित्र कोणा एका जवानाला दिसतही नसतं. म्हणूनच जगातलं जवळजवळ प्रत्येक लष्करी कायदेशास्त्र हुकूम कायदेशीर आहे असं धरूनच सुरुवात करतं. शिक्षाही साध्या नसतात. आपल्या आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ४१ बघा. वरिष्ठाने समक्ष दिलेला हुकूम उघड अवज्ञेने मोडला, तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण त्याच कलमात एक शब्द आहे जो घाईत वाचताना सुटतो. कलम नुसत्या हुकमाबद्दल बोलत नाही, कायदेशीर हुकमाबद्दल बोलतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्येही तसंच आहे (जुन्या दंड संहितेत हे कलम ७६ होतं, आणि उदाहरणही तेव्हापासूनचं). वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी चालवणारा सैनिक गुन्हेगार ठरत नाही, असं ते उदाहरण सांगतं. पण तो हुकूम कायद्याच्या आदेशाला धरून असला पाहिजे, ही अट त्याच वाक्यात आहे. या कलमाचा दुसरा बारकावाही महत्त्वाचा आहे. वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक चूक झाली तर माफी आहे, कायद्याबद्दल चूक झाली तर नाही. नाक्यावर न थांबता वेगाने येणाऱ्या ट्रकमध्ये स्फोटकं आहेत अशी खबर मिळाली, गोळी चालवली, आणि नंतर कळलं की आत भाजी होती, तर ती वस्तुस्थितीची चूक. समोरचा माणूस पकडलेला कैदी आहे हे पूर्ण ठाऊक असताना "साहेबांनी सांगितलं म्हणजे चालतं" असं वाटणं, ही कायद्याची चूक. पहिली रिकामी जागा चुकीच्या माहितीने भरली गेली. दुसऱ्यात तर जागा रिकामी नव्हतीच. काय दिसतंय ते त्याला कळत होतं.

हा फरक १९२१ साली लाइपझिगच्या न्यायालयात फार स्वच्छ दिसला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्याच सर्वोच्च न्यायालयासमोर काही जर्मन अधिकाऱ्यांवर खटले चालले, आणि त्यांतले दोन खटले रुग्णालय जहाजं बुडवल्याचे होते. पाणबुडीचा कप्तान कार्ल नॉयमन याने 'डोव्हर कॅसल' बुडवलं होतं. अशा जहाजांचा लष्करी वापर होतोय असं त्याला वरिष्ठांनी कळवलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे कारण होतं. तो सुटला. दुसऱ्या खटल्यातल्या 'लँडोव्हरी कॅसल' या जहाजाला २७ जून १९१८ रोजी यू-८६ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला, आणि नंतर कप्तान हेल्मुट पाटझिग याच्या हुकमावरून समुद्रात तरंगणाऱ्या जीवरक्षक होड्यांवर गोळीबार झाला. पाटझिग हाती लागला नाही. लुडविग डिटमार आणि जॉन बोल्ट या त्याच्या दोन लेफ्टनंटना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. जहाज बुडालेल्या असहाय लोकांवर गोळ्या घालणं बेकायदा आहे हे कळायला कायद्याचं शिक्षण लागत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. तेच न्यायालय, तेच वर्ष, तोच बचाव, आणि निकाल उलटे, कारण एकाला खरं चित्र दिसत नव्हतं आणि दुसऱ्यांना होड्यांतली माणसं दिसत होती.

हुकूम होता म्हणून सुटका नाही, फार तर शिक्षेत सवलत, हे सूत्र ऑगस्ट १९४५ मध्ये न्यूरेंबर्गच्या सनदेतल्या आठव्या कलमाने पक्कं केलं. ते लागू करणं सोपं नव्हतं, कारण सगळ्याच हुकमांवर "मी पाळायला नको होता" असं नंतर म्हणता येतं. सैनिकाला वकील न बनवता त्याच्याकडून नेमकी कोणती ओळख अपेक्षित करायची? याचं सर्वांत गाजलेलं उत्तर इस्रायलमधून आलं.

२९ ऑक्टोबर १९५६. इस्रायल आणि इजिप्त यांच्यातली सिनाईची लढाई सुरू होण्याचा दिवस. सरहद्दीजवळच्या अरब गावांवर संध्याकाळी पाचपासून संचारबंदी जाहीर झाली. कफ्र कासिम गावच्या मुख्तारला, म्हणजे गावप्रमुखाला, ही खबर साडेचारच्या सुमारास मिळाली. शेतावर आणि खाणीत कामाला गेलेल्या माणसांना ती कळवणं शक्यच नाही, असं त्याने तिथल्या सार्जंटला सांगितलं. हुकूम होता: संचारबंदीत बाहेर दिसेल त्याच्यावर गोळी. कामावरून परतणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मेजर श्मुएल मलिंकी याच्या बैठकीतच विचारला गेला होता, म्हणजे रिकामी जागा आधीच दिसली होती. ती भरली गेली ती भयंकर तऱ्हेने. सायकलवरून, गाडीतून, ट्रकमधून घरी येणाऱ्या जवळपास पन्नास माणसांना सीमा पोलिसांनी गावाच्या तोंडाशी थांबवून मारलं. त्यात बायका आणि मुलं होती.

शेजारच्या गावांतही हाच हुकूम गेला होता, तिथे असं हत्याकांड झालं नाही. तिथल्या तुकडीप्रमुखांनी परतणाऱ्यांना घरात जाऊ दिलं. न्यायमूर्ती बेंजामिन हालेवी यांनी १९५८ च्या निकालात जी कसोटी घातली, तिच्यामागे हे वास्तव होतं. उघडउघड बेकायदा हुकमावर काळा झेंडा फडकत असतो, असं त्यांनी लिहिलं; म्हणजे बेकायदेशीरपणा बारीक अक्षरात लपलेला नसतो, तो डोळ्यांत खुपतो. असा हुकूम नुसता मोडता येतो असं नाही, तो मोडलाच पाहिजे. शिक्षांचं पुढे जे झालं ते मात्र चीड आणणारं आहे. मलिंकीला सतरा वर्षांची कैद झाली, पण शिक्षा कमी होत होत सगळे दोषी १९६० पर्यंत बाहेर आले. ज्याच्याकडून हुकमाची साखळी सुरू झाली त्या ब्रिगेड कमांडर इसाखार शदमी याला दंड झाला दहा प्रुतोत, म्हणजे चिल्लर.

आज आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचं कलम ३३ हीच कसोटी वापरतं. हुकमाचा बचाव घ्यायचा तर तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: हुकूम पाळणं कायद्याने बंधनकारक होतं, तो बेकायदा आहे हे माहीत नव्हतं, आणि तो उघडउघड बेकायदा नव्हता. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांचा हुकूम कायम उघड बेकायदाच धरला जातो. यातून सैनिकावर येणारं ओझं लोक समजतात तेवढं मोठं नाही. हे युद्ध न्याय्य आहे का, ही टेकडी घ्यावी का, या पुलावर हल्ला करणं लष्करीदृष्ट्या शहाणपणाचं आहे का, हे त्याने ठरवायचं नाही. त्याने ओळखायच्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. शरण आलेला, जखमी होऊन पडलेला आणि पकडलेला माणूस मारायचा नाही. लढाईत नसलेल्या नागरिकाला लक्ष्य करायचं नाही. छळ आणि बलात्कार नाही. ओलीस नाही. "एकही जिवंत सोडू नका" हा हुकूम तर १८९९ च्या हेग नियमांपासून निषिद्ध आहे.

मग इतकी मोजकी यादी असताना माणसं चुकतात कशी? काळा झेंडा डोळ्यांत खुपतो म्हणतात, मग तो हजारोंना दिसत का नाही?

याचं पहिलं कारण हुकमाच्या भाषेत आहे. "कैद्यांना मारा" असं स्पष्ट वाक्य फार क्वचित उच्चारलं जातं. "गाव साफ करा", "त्यांची व्यवस्था लावा", "मला कैदी नकोत", "कालचा हिशेब चुकता करायचाय" अशी वाक्यं बोलली जातात. बोलणाऱ्याने रिकामी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, कारण पुढे चौकशी झालीच तर ती त्याची पळवाट असते. व्हिएतनाममधल्या मी लाय गावात १६ मार्च १९६८ ला अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची जी कत्तल केली, तिच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टन अर्नेस्ट मेडिना याने कंपनीला दिलेल्या माहितीत नेमकं काय सांगितलं, यावर हजर असलेल्या जवानांच्याच साक्षी वेगवेगळ्या आहेत. कोणाला सगळ्यांना मारायचा हुकूम ऐकू आला, कोणाला नाही. मेडिना निर्दोष सुटला. लेफ्टनंट विल्यम कॅली याने "मला हुकूम होता" असा बचाव घेतला, बावीस खुनांसाठी दोषी ठरला, जन्मठेप झाली, आणि शिक्षा कमी होत गेल्याने साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक नजरकैदेत, भोगून सुटला. अमेरिकी आकड्यानुसार ३४७ आणि व्हिएतनामी आकड्यानुसार ५०४ माणसं मेली होती.

दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. आपण "हुकूम पाळला" असं एकवचनात बोलतो, जणू काही तो एकच क्षण होता. जालियनवाला बागेचे अधिकृत आकडे घ्या. १३ एप्रिल १९१९, रायफलधारी जवान पन्नास, गोळीबार सुमारे दहा मिनिटं, झाडलेले राउंड १६५०. भागाकार केला तर दर रायफलमागे सरासरी तेहतीस राउंड येतात. त्या काळची पॉइंट ३०३ ली-एनफिल्ड ही बोल्टची रायफल. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. मॅगझीन दहाची, भरायची पाच-पाचच्या क्लिपने. म्हणजे प्रत्येकाने साधारण चार-पाच वेळा कमरेच्या पट्ट्यातून क्लिप काढली, खाचेत बसवली, अंगठ्याने दाबली, आणि पुन्हा नेम धरला. डायर मधूनमधून गोळीबार थांबवत होता आणि जिथे गर्दी दाट दिसेल तिकडे वळवत होता. अधिकृत आकडा ३७९ मृतांचा. डायरची जबाबदारी यात कणभरही कमी होत नाही. पण त्या तेहतीस वेळांतल्या प्रत्येक वेळी माणसाला समोरचं दिसत होतं, आणि प्रत्येक नव्या क्लिपबरोबर मागच्या क्लिपचं समर्थन करणं त्याला भाग पडत होतं. पाचवी गोळी चालवलेल्या माणसाला सहावी नाकारणं पहिली नाकारण्यापेक्षा कठीण जातं, कारण सहावी नाकारली की आधीच्या पाचांचा जाब स्वतःलाच द्यावा लागतो.

येल विद्यापीठात १९६१-६२ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी केलेल्या प्रयोगांची रचना हीच होती: विजेच्या धक्क्याची तीस बटणं, प्रत्येक पायरी फक्त पंधरा व्होल्टची. (धक्के खोटे होते, देणाऱ्यांना ते खरे वाटत होते.) गाजलेल्या मांडणीत चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. दुसऱ्या एका मांडणीचा आकडा क्वचित कोणी सांगतं, आणि सैन्याच्या दृष्टीने तोच कामाचा आहे. त्यात शेजारी बसलेले दोन जण मध्येच "आम्ही करणार नाही" म्हणून उठले, आणि शेवटपर्यंत जाणारे चाळीसपैकी चार उरले.

१३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफूव गावात हेच घडलं, पण तिथे धक्के खोटे नव्हते. जर्मन राखीव पोलीस बटालियन १०१ चा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप याने ज्यूंना मारण्याचं काम सांगितलं आणि म्हणाला, वयस्कांपैकी ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर खेकसला, ट्रापने त्याला पाठीशी घातलं, आणि मग आणखी दहा-बारा जण बाहेर पडले. बटालियन पाचशेच्या आसपास होती. त्या दिवशी सुमारे दीड हजार माणसं मारली गेली. बाजूला झालेल्यांना शिक्षा झाली नाही. बाकीच्यांना अडवलं ते सोबत्यांसमोर कच्चं ठरण्याच्या लाजेने. युद्धानंतरच्या खटल्यांतून "नकार दिला असता तर मलाच गोळी घातली असती" हे वारंवार म्हटलं गेलं, पण निःशस्त्र माणसं मारायला नकार दिला म्हणून कोणाला मृत्युदंड झाल्याचं पक्कं उदाहरण बचाव पक्षाला दाखवता आलं नाही.

म्हणून नकार कसा द्यायचा हे शिकवण्याची गोष्ट आहे, आणि ती शौर्याची कमी, पद्धतीची जास्त आहे. ऐनवेळी सद्सद्विवेक जागा होईल या भरवशावर राहणं म्हणजे सराव न करता ग्रेनेड फेकणं.

पहिली पायरी नकाराची नाहीच, ती हुकूम परत म्हणून दाखवण्याची आहे. सैन्यात हे रोजचंच असल्याने त्यात उद्धटपणा दिसत नाही. "सर, कन्फर्म करतो. कुंपणाजवळ बसवलेले चार, हात बांधलेले. त्यांच्यावर फायर?" गुळमुळीत हुकूम असा पूर्ण वाक्यात, साक्षीदारांसमोर परत आला, की पुष्कळदा देणाराच मागे सरतो, कारण त्याने मुद्दाम सोडलेली जागा आता त्याच्याच तोंडून भरली जाणार असते. वायरलेसवर असाल तर हेच सेटवर बोला, म्हणजे लॉगमध्ये वेळेसकट नोंद पडते. मग वस्तुस्थिती सांगायची, मत नाही. "हे चूक आहे" यापेक्षा "सर, ते शरण आलेत, शस्त्रं काढून घेतलीत" हे जास्त काम करतं. पहिल्यावर वाद होतो, दुसऱ्यावर होत नाही. त्याच दमात पर्याय द्यायचा. "मी त्यांना मागे कंपनी हेडक्वार्टरला नेतो, दोन माणसं पुरतील." चिडलेल्या अधिकाऱ्याला माघार घ्यायला पायवाट लागते, ती तुम्ही करून दिलीत.

तरीही हुकूम कायम राहिला, तर नकार फक्त त्या एका कृतीपुरता आणि स्वच्छ शब्दांत. शस्त्र टाकायचं नाही, जागा सोडायची नाही, बाकीचे हुकूम पाळत राहायचे. इथे लोक हमखास चुकतात: रागाच्या भरात पूर्ण ड्युटीच नाकारतात किंवा निघून जातात, आणि मग कोर्ट मार्शलमध्ये प्रश्न हुकमाचा न राहता पलायनाचा होतो. दुसरी चूक मूक नकाराची. नेम मुद्दाम चुकवणं, उशीर करणं, दिसत नसल्याचा बहाणा करणं. तुमचे हात त्यातून कदाचित स्वच्छ राहतील, पण शेजारच्याला ते ऐकू जात नाही, आणि मिलग्रॅमच्या चाळीसपैकी चारचा सगळा परिणाम ऐकू जाण्यात आहे. शेवटी नोंद: तारीख, वेळ, जागा, कोण हजर, हुकमाचे जसेच्या तसे शब्द. ती त्याच दिवशी लिहायची. आणि खबर एक पायरी वर, किंवा वरचाच गुंतला असेल तर त्याच्याही वर.

वर खबर पोचल्याने काय होतं ते मी लायमध्येच दिसतं. हेलिकॉप्टर वैमानिक ह्यू थॉम्पसन वरून बघत होता. त्याने पळणारे गावकरी आणि पाठलाग करणारे अमेरिकी सैनिक यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवलं, ते सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर उलट गोळीबार करा असं ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न या आपल्या साथीदारांना सांगितलं, लपलेल्यांना बोलावून बाहेर नेलं. आणि परत जाऊन वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यानंतर खालच्या तुकड्यांना मारणं थांबवण्याचा हुकूम गेला. थॉम्पसनने हुकमाची साखळी मोडली नाही, साखळीचाच वापर केला. त्याला सोल्जर्स मेडल मिळालं ते मार्च १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

नकाराला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये पेशावरला निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला रॉयल गढवाल रायफल्सच्या जवानांनी नकार दिला, आणि त्यांचे म्होरके चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप झाली. अकरा वर्षं तुरुंगात काढून ते सुटले. मार्च १९४४ मध्ये इटलीत पकडलेल्या पंधरा गणवेशातल्या अमेरिकी सैनिकांना गोळ्या घालायचा हुकूम जर्मन जनरल अँटोन डोस्टलर याने दिला. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याला फोन करून थांबवायचा प्रयत्न केला. अलेक्झांडर त्सू डोना या अधिकाऱ्याने हुकमावर सही करायला नकार दिला, त्याला सैन्यातून काढून टाकलं. पंधराही जण मारले गेले. युद्धानंतर डोस्टलर म्हणाला, मी तर हिटलरचाच हुकूम पुढे पाठवला. १ डिसेंबर १९४५ ला त्याला गोळी घातली गेली. किंमत भरावी लागते हे खरं, पण ती कोणाला कधी भरावी लागेल याचा लोकांचा अंदाज बहुधा चुकतो.

ज्यांना लक्ष्य दिसतच नाही त्यांचं काय, हा प्रश्न आता वाढत जाणार आहे. तोफेवरच्या जवानाला एक दिशा आणि एक कोन मिळतो. वीस किलोमीटरवर काय आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. तिथे रिकामी जागा त्याच्याकडे नसतेच. ती पुढे दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकाकडे, नकाशावर शाळा-रुग्णालयांच्या खुणा तपासणाऱ्याकडे आणि मंजुरी देणाऱ्याकडे असते. कामाचे तुकडे जितके बारीक, तितकं प्रत्येकाला "ती दुसऱ्याने बघितली असेल" असं वाटण्याचा धोका मोठा. त्यावर उपाय एकच ठाऊक आहे: लक्ष्य कोणी, कधी, कशाने ओळखलं हे एका नावावर लिहिलेलं असणं.

आणि यातला मोठा वाटा अधिकाऱ्याचा आहे. लेखी ऑपरेशन ऑर्डरचे पाच परिच्छेद असतात: परिस्थिती, मिशन, कार्यवाही, प्रशासन आणि रसद, कमांड आणि सिग्नल. गावात नागरिक किती आणि कुठे, हे पहिल्यात यायला हवं. गोळी कधी चालवायची आणि कधी नाही, हे तिसऱ्यात. कैदी कुठे गोळा करायचे, कोण नेणार, त्यांना पाणी कोण देणार, जखमी शत्रूला कोण उचलणार, हे चौथ्यात. बहुतेक वेळा चौथा परिच्छेद दारूगोळा आणि जेवणावर संपतो. रात्री दोन वाजता पाच कैदी हातात असलेल्या थकलेल्या नायक हुद्द्याच्या जवानाला त्यांचं काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि दोन तासांपूर्वी त्याचा मित्र मेलेला असतो. ती जागा त्याच्यावर सोडणारा अधिकारी हुकूम न देताही जबाबदार असतो. ठाऊक असून किंवा ठाऊक असायला हवं असताना रोखलं नाही, तर रोम कराराच्या कलम २८ नुसार हाताखालच्यांच्या गुन्ह्याची फौजदारी जबाबदारी त्याच्यावरही येते.

एक प्रश्न उरतो, त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. नकार दिला तर खरोखर मरण असेल तर? १६ जुलै १९९५ ला बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाहून बसने आणलेल्या माणसांना ब्रान्येवोच्या शेतावर दहा-दहाच्या गटात उभं करून मारलं जात होतं. द्राझेन एर्देमोविच या बोस्नियन सर्ब सैन्यातल्या तेवीस वर्षांच्या जवानाने नकार दिला तेव्हा त्याला सांगितलं गेलं, मग बंदूक दे आणि त्यांच्यात जाऊन उभा राहा. त्याने गोळ्या चालवल्या. स्वतःच्याच अंदाजाने सत्तरेक माणसं त्याने मारली, आणि हे त्याने स्वतःहून कबूल केलं. हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या अपील न्यायासनावर पाच न्यायाधीश होते. तिघे म्हणाले, निरपराधांच्या हत्येला जिवाची भीती हा पूर्ण बचाव होऊ शकत नाही. अँतोनियो कासेझे आणि निनियन स्टीफन यांचं मत वेगळं पडलं; तो न मारता तरी ती माणसं वाचणारच नव्हती, आणि कायद्याने हौतात्म्याची सक्ती करू नये, असं कासेझे यांनी मांडलं. शेवटी पाच वर्षांची शिक्षा झाली. मी दोन्ही मतं अनेकदा वाचली आहेत आणि दर वेळी माझा कौल हलतो.

त्याच खटल्यातली एक गोष्ट मात्र निकालाच्या चर्चेत मागे राहते. शेतावरचं संपल्यावर, त्याच दुपारी, त्यांना पिलित्सा गावातल्या सभागृहात जायचा हुकूम झाला. तिथे आणखी सुमारे पाचशे माणसं कोंडलेली होती. एर्देमोविच म्हणाला, मी जाणार नाही. या वेळी त्याच्यासोबतच्या काही जणांनी त्याला साथ दिली. त्यांना कोणी काही केलं नाही. ते काम करायला दुसरी माणसं आली, आणि हे रस्त्यापलीकडच्या कॅफेत बसून आवाज ऐकत राहिले.